सांबरा ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर नेमकं किती धरायचं, वेळ किती?

निपाणी_स्टँड

नमस्कार मंडळी. निपाणीहून दोन ज्येष्ठ माणसांना सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचं आहे. जाणं जानेवारीच्या मध्यात, परत येणं मार्चअखेर. तिकीट काढण्याआधी हिशोब पक्का करायला बसलं तर प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा.

बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को अंतर एका ठिकाणी १३,९९० किलोमीटर दिलंय, तर दुसऱ्या ठिकाणी १६,००० च्या आसपास. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि ती याहूनही लांब वाटते. पण विमान उत्तर ध्रुवाकडून जातं असं सगळे सांगतात. मग खरं कुठलं?

वेळेचंही तसंच. कुठे १६ तास, कुठे २२, तर एका तिकिटावर "दुपारी २ ला सुटणार, त्याच दिवशी संध्याकाळी साडेचारला पोचणार" असं दिसतं. अडीच तासांत अमेरिका कशी येईल? परतीच्या तिकिटावर मात्र तारीख दोन दिवस पुढची.

आणि मुख्य प्रश्न: निपाणीतल्या घरातून निघाल्यापासून तिथल्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत एकूण किती तास धरायचे? सांबरा (बेळगावचा विमानतळ) गाठावं, कोल्हापूर गाठावं की थेट मुंबई?

---

सांबरा_०८_२६

अंतराचं आधी घेऊ.

दोन विमानतळांमधलं "अंतर" म्हणून जो आकडा संकेतस्थळं देतात तो पृथ्वीच्या गोलावरच्या सगळ्यात आखूड वाटेचा असतो. शाळेच्या भूगोलातलं बृहद्वृत्त, ते हेच. बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर १३,९९० किमी च्या जवळपास, हा आकडा बरोबर आहे. एअर इंडियानं जानेवारी २०२१ मध्ये ही थेट फेरी सुरू केली तेव्हाही १३,९९३ हाच आकडा जाहीर केला होता.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. बेंगळूरचा विमानतळ १३.१९८६ उत्तर, ७७.७०६६ पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६१८९ उत्तर, १२२.३७५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करा: २००.०८. ही १८० च्या वर गेली, म्हणजे दुसऱ्या बाजूनं जाणं जवळचं. ३६० तून वजा केली की उरले १५९.९२ अंश.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२२८३ × ०.६१०४ = ०.१३९४. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार: ०.९७३६ × ०.७९२१ × (−०.९३९२) = −०.७२४३. दोन्हींची बेरीज −०.५८४९. याचा उलटा कोसाइन काढला की १२५.८ अंश येतात. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे १११.१९५ किमी, म्हणून गुणाकार १३,९८८. पृथ्वी ध्रुवांवर जराशी चपटी आहे (विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७), त्यामुळे नेमक्या गणितात पाच-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. १३,९८८ आणि १३,९९३ मधला फरक तेवढाच आहे.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तर उत्तर भलतंच येतं. १३ अंश १२ मिनिटं हे १३.१२ असं टाकायचं नसतं, ते १३.२० होतं, कारण अंशाची मिनिटं ६० असतात. आणि रेखांशाचा फरक १८० च्या वर गेलाय हे विसरलं की नंतर वाट कुठल्या बाजूनं जाते हे उलटं समजतं.

गणित नको असेल तर मुलांचा पृथ्वीगोल घ्या. ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्याचा घेर ९४ सेंटीमीटरला थोडा वर भरतो, म्हणजे १ सेंटीमीटरला साधारण ४२५ किमी. बेंगळूरवर दोऱ्याचं एक टोक धरा, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरं, आणि ताणा. दोरा ३३ सेंटीमीटर भरतो. तो कुठून जातो तेही बघा: अवध, नेपाळ, तिबेट, शिनजियांग, सायबेरिया, मग कोलिमा नदीच्या मुखापाशी ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्कात देनाली शिखराच्या जवळून खाली पॅसिफिकच्या किनाऱ्याला लागतो. ध्रुवावरून जात नाही, पण आर्क्टिकमधून नक्की जातो.

भिंतीवरचा नकाशा फसवतो याचं कारण असं की गोल सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणलेला असतो. ६० अंशावर सगळं दुप्पट रुंद दिसतं, ७१ अंशावर तिप्पट. त्यामुळे आखूड वाट नकाशावर मोठी कमान दिसते, आणि जी रेघ सरळ दिसते ती प्रत्यक्षात लांब असते. तुमच्या पट्टीच्या रेघेनं सहारावरून विमान खरंच नेलं तर ते जवळपास २०,००० किमी होईल. तीच सरळ रेघ पूर्वेकडून, पॅसिफिकवरून काढली तर १६,१०० किमी. आखूड वाटेपेक्षा २,१०० किमी जास्त.

सांबऱ्यापासूनच मोजायचं तर सांबरा ते सॅन फ्रान्सिस्को १३,८१० किमी. म्हणजे बेंगळूरपेक्षा आपण जरा जवळच आहोत. पण तशी फेरी नाही, आधी ४४५ किमी आग्नेयेला बेंगळूरला जायचं आणि तिथून उत्तरेला वळायचं. सहाशे किलोमीटर तिथंच वाढतात.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

वरचं गणित चोख आहे. पण या आखूड वाटेवरून विमान तंतोतंत कधीच जात नाही, आणि वेळ समजायची तर ते का, हे बघायला हवं.

पहिली अडचण तिबेटची. तिबेटच्या पठारावर केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन ठरावीक मिनिटंच पुरतो. खाली डोंगरच १५,००० फुटांचे असतील तर उतरणार कुठं? म्हणून बहुतेक विमानं हा भाग टाळतात. दुसरी अडचण आर्क्टिकची. तिथं इंधन गार पडतं. आपल्याकडे भरतात ते जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशाला गोठायला लागतं, अमेरिकेत सर्रास मिळणारं जेट ए उणे ४० लाच. पंखातल्या टाक्यांचं तापमान त्या मर्यादेजवळ जायला लागलं तर वैमानिक खाली येतो, वेग वाढवतो किंवा वाट बदलतो. शिवाय आणीबाणीत उतरता येईल असा विमानतळ वाटेत ठरावीक अंतरात असलाच पाहिजे, हा नियम दोन इंजिनांच्या विमानांना काटेकोर लागू आहे.

तिसरी अडचण आकाशाच्या हद्दींची, आणि ही सारखी बदलते. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. त्याचा जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्यांना, बेंगळूरहून दक्षिणेच्या बाजूनं निघणाऱ्यांना कमी. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अनुभवावरून तास ठरवू नका. तिकीट काढताना दिसणारी वेळच त्या महिन्याची खरी.

आता वारा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो सगळ्यात जोरात, आणि जपानच्या वर तर ताशी ३०० किमी पर्यंत जातो. मोठ्या विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० च्या आसपास असतो. १४,००० किमी ची वाट धरा आणि सरासरी ८० चा वारा धरा. पाठीमागून मिळाला तर ताशी ९८०, म्हणजे १४ तास १७ मिनिटं. समोरून आला तर ८२०, म्हणजे १७ तास ४ मिनिटं. एकाच वाटेवर पावणेतीन तासांचा फरक पडला. आणि जाता-येता मिळून फिटंफाट होते असंही नाही: वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून ३१ तास ७ मिनिटं झाल्या असत्या, वाऱ्यासकट पाव तास जास्त लागतो. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

यामुळेच कंपन्या मुद्दाम लांबची वाट घेतात. जाताना पॅसिफिकवरून हजार-दोन हजार किलोमीटर जास्त उडून वारा पाठीशी घेतला तर तास वाचतात. तुम्हाला दिसलेला १६,००० चा आकडा अशाच प्रत्यक्ष उडालेल्या वाटेचा असणार. १३,९९० आणि १६,००० दोन्ही बरोबर, एक जमिनीवरून मोजलेला आणि दुसरा हवेतून गेलेला.

तिकिटावरची वेळ म्हणजे उड्डाणाची वेळ नव्हे, ती ब्लॉक टाइम असते: गेटवरून मागं सरकल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. टॅक्सीचे दोन्हीकडचे मिळून अर्धा-पाऊण तास त्यातच. घरबसल्या अंदाजासाठी किलोमीटरला ८७० नं भागा आणि पाऊण तास मिळवा. लांब पल्ल्याला हा अंदाज बरा येतो. बेळगाव-बेंगळूरसारख्या आखूड पल्ल्याला मात्र तो चालत नाही, कारण ४४५ किलोमीटरमध्ये निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, आणि एटीआर, म्हणजे पंख्याचं लहान विमान, असेल तर त्याचा वेगच ताशी ५०० च्या आसपास. तिथं सव्वा तास धरा.

थांबा घेऊन गेलात तर अंतरं अशी पडतात. दुबईमार्गे २,६९५ आणि १३,०२० मिळून १५,७१५ किमी. टोकियो नारितामार्गे ६,७०० आणि ८,२३० मिळून १४,९३०, ही थांब्यासकट सगळ्यात आखूड. फ्रँकफर्टमार्गे ७,४०० आणि ९,१५० मिळून १६,५५०. सिंगापूरमार्गे ३,१८० आणि १३,५८० मिळून १६,७६०. ऐकायला सिंगापूर जवळचं वाटतं, पण ते खाली दक्षिणेला आहे, त्यामुळे वाट सगळ्यात लांब तिचीच.

दुबईच्या वाटेत एक गंमतीची गोष्ट आहे. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक, म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंना. आखूड वाट ध्रुवाला घासून जाते, आधी सरळ उत्तर, मग सरळ दक्षिण. पूर्व-पश्चिम वारा आडवा लागतो, म्हणून जायला-यायला साधारण सारखाच वेळ, १६ तासांच्या आसपास. टोकियो किंवा सिंगापूरमार्गे मात्र परतीला प्रत्येक वेळी जास्त तास मोजा.

---

निपाणी_स्टँड

खूप आभार, पृथ्वीगोल आणि दोऱ्याचं लगेच करून बघितलं, ३३ सेंटीमीटरच भरला. पण "त्याच दिवशी संध्याकाळी साडेचार" हे अजून डोक्यात बसत नाही. तारीख रेषा ओलांडली की एक दिवस मागं जातो, हे दुबईवरून गेलं तर लागू होतं का? दुबईच्या वाटेत तर तारीख रेषा येतच नाही ना?

---

सांबरा_०८_२६

तारीख रेषेचा विचारच करू नका. कुठल्याही बाजूनं गेलात तरी उत्तर एकच येतं, कारण दोन्ही गावांच्या घड्याळांतला फरक ठरलेला आहे. सगळं आपल्या वेळेत बदलून घ्या आणि मग साधी वजाबाकी करा.

हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं. उन्हाळी वेळ लागली की साडेबारा तास. ही उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. तुमच्याकडे जाणं जानेवारीत आणि येणं मार्चअखेर, म्हणजे जाताना साडेतेरा धरायचे आणि येताना साडेबारा. इथं एक तासाची चूक हमखास होते.

तुमचं तिकीट बघा. बेंगळूरहून दुपारी २ ला सुटलं. तिथली संध्याकाळ साडेचार म्हणजे आपल्याकडे त्यात साडेतेरा मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळचे ६. दुपारी २ ते सकाळी ६ म्हणजे १६ तास. विमानानं १६ तासच घेतले, घड्याळ मात्र साडेतेरा तास मागं फिरवलं, म्हणून कागदावर अडीच तास उरले.

उलट बाजूचं उदाहरण एअर इंडियाच्या त्या पहिल्या फेरीचंच घ्या. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी ती ध्रुवाच्या बाजूनं आणली. वेळापत्रकाप्रमाणे सॅन फ्रान्सिस्कोहून ९ जानेवारीला रात्री साडेआठला सुटायचं आणि बेंगळूरला ११ जानेवारीला पहाटे पावणेचारला पोचायचं. दिसायला दोन तारखा ओलांडल्या. पण तिथले ९ तारखेचे रात्री साडेआठ म्हणजे आपल्याकडे १० तारखेची सकाळ १०. तिथून पहाटे पावणेचारपर्यंत १७ तास ४५ मिनिटं.

---

कणबर्गी_रोड

हवेतलं सगळं बरोबर आहे, पण या प्रवासात माणसं अडकतात ती जमिनीवर. सोळा तासांचं विमान वेळेवर पोचतं आणि सव्वा तासाच्या सांबरा-बेंगळूर टप्प्यात सगळं बिघडतं. म्हणून तेवढंच नीट लिहितो.

निपाणी ते सांबरा ७५ ते ८० किमी, गाडीनं दीड तास. हायवेवर काम चाललेलं असेल तर दोन धरा. सांबऱ्याला उड्डाणाच्या दोन तास आधी पोचा. काउंटर एक तास आधी बंद होतो. विमानतळ लहान आहे, रांग मोठी नसते, त्याचा ताण घेऊ नका.

जानेवारीत देवनहळ्ळीला, म्हणजे बेंगळूरच्या विमानतळावर, पहाटे दाट धुकं पडतं, साधारण पहाटे ४ ते ८. तेव्हा बेंगळूरला उतरायची परवानगी मिळेपर्यंत सांबऱ्याचं सकाळचं विमान इथंच धरून ठेवतात, नाहीतर आदल्या फेरीचं विमानच इथं उशिरा येतं. आपल्याकडे लख्ख ऊन आणि विमान मात्र उशिरा, असं दिसलं की कारण बहुतेक तेच असतं. आणि बेंगळूरच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली की पुढची संध्याकाळी किंवा थेट उद्या. पावसाळ्यात उलटं होतं, जुलै-ऑगस्टात ढग इथंच खाली उतरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सांबरा-बेंगळूर आणि पुढचा परदेशी टप्पा एकाच पीएनआरवर आहे की दोन वेगळी तिकिटं आहेत? एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीनं करायची असते, आणि सामान थेट शेवटपर्यंतचं टॅग होऊ शकतं. वेगळी तिकिटं असतील तर पुढची कंपनी तुम्हाला "आलाच नाहीत" असं धरते आणि तिकिटाचे पैसे बुडतात. काही परदेशी कंपन्यांच्या तिकिटात भारतातला टप्पा जोडून मिळतो, तसं मिळालं तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी घ्या की.

सामानाचंही यातच येतं. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक वेळा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. वेगळं काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर १५ किलो. दोघांचं मिळून ९२ किलो सामान घेऊन सांबऱ्याला गेलात तर ६२ किलोचे जादा पैसे तिथंच भरावे लागतील. एक तर बॅगा गाडीनं बेंगळूरला न्या किंवा जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

बेंगळूरला परदेशी फेऱ्या टी-२ (टर्मिनल २) मधून सुटतात. सांबऱ्याहून येणारं विमान कुठल्या टर्मिनलला लागतं ते तिकिटावर बघून घ्या. टी-१ ला लागलं तर बाहेर येऊन फुकट शटल बसनं टी-२ ला जायचं. वेगळ्या तिकिटावर असाल तर बॅगा घेणं, टर्मिनल बदलणं, पुन्हा चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, आणि अमेरिकेच्या फेरीला कधी कधी गेटवर आणखी एकदा तपासणी. या सगळ्याला तीन तास जातात, त्यात उशिराची भर धरून दोन विमानांत किमान पाच तासांचं अंतर ठेवा. जानेवारीत सकाळच्या विमानावर भरवसा असेल तर मी सात सांगेन.

ज्येष्ठ माणसं आहेत, वेगळी तिकिटं आहेत, तर आदल्या दिवशीच जाणं सगळ्यात बरं. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत आहे, पहाटे सुटते आणि साडेआठ तासांत दुपारी पोचवते. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच. पण एक लक्षात घ्या, रेल्वे स्टेशन ते विमानतळ ३५ किमी च्या आसपास आणि बेंगळूरच्या रहदारीत त्याला दीड ते दोन तास लागतात. मुक्काम गावात न करता देवनहळ्ळीच्या बाजूलाच करा.

आता घर ते बाहेर पडेपर्यंतची बेरीज, दुबईमार्गे धरून: निपाणी-सांबरा दीड तास, तिथं दोन, विमान सव्वा, बेंगळूरला पाच, दुबईपर्यंत चार, दुबईत तीन, पुढचं विमान १६, तिथं इमिग्रेशन आणि बॅगा दीड. सव्वाचौतीस तास झाले. अंतर रस्त्यासकट १६,२३५ किमी, म्हणजे सगळं मिळून सरासरी वेग ताशी ४७५ पडतो, मोठ्या विमानाच्या निम्मा. बाकीचा वेळ सगळा खुर्च्यांवर आणि रांगेत जातो.

म्हणून व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, निदान ४८ तास आधी तरी. चालता येत असलं तरी घ्या. दुबईत गेटं लांब लांब आहेत आणि रांगेत उभं राहणंच जास्त जड जातं. औषधं, चिठ्ठी, चष्मा हातातल्या पिशवीत. गोळ्या घड्याळाच्या वेळेवर असतील तर साडेतेरा तासांचा बदल डॉक्टरांना आधीच सांगून वेळा लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिनच्या. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा.

खाऊचं: लोणचं हातातल्या पिशवीत नको, १०० मिलीच्या वरचं सगळं काढून घेतात. अख्खं सुकं खोबरं बॅगेतही चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं म्हणून मनाई आहे. कुंदा, करदंट, चटणी जे काही नेणार ते तिथल्या कस्टमच्या घोषणेत खाण्याचे पदार्थ म्हणून सांगायचंच. दुधाचा पदार्थ काढून घेतला तर तेवढ्यावर भागतं, लपवला तर दंड होतो.

---

संकेश्वर_नाका

निपाणीहून सांबराच गाठायला हवं असं नाही. उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, निपाणीपासून ४० ते ४५ किमीवर आहे, सांबऱ्याच्या जवळजवळ निम्म्यावर. तिथून मुंबई, बेंगळूर दोन्हीकडच्या फेऱ्या असतात, पण वार आणि वेळा बदलत राहतात, त्या महिन्याचं वेळापत्रक बघूनच ठरवा.

मुंबईचा विचारही जरूर करा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को आखूड वाट १३,५०० किमी च्या आसपास, बेंगळूरपेक्षा पाचशे कमी. पण खरा फायदा अंतराचा नाही, फेऱ्यांचा आहे: मुंबईहून परदेशी कंपन्यांचे पर्याय जास्त, त्यामुळे मधला थांबा आखूड मिळू शकतो. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली तर सकाळी दादरला उतरता येतं, आणि रेल्वेत सामानाची मर्यादा विमानाच्या १५ किलोपेक्षा बरीच जास्त असते. तिकडून टी-२ पर्यंत टॅक्सी. ज्येष्ठांना रात्रभर रेल्वे आणि लगेच १६ तासांचं विमान हे जड जाईल, तेव्हा मध्ये एक मुक्काम हवाच.

गोव्याचं मोपा (विमानतळ) निपाणीकरांसाठी आडवाटेचं आहे. घाट उतरायचा आणि पुन्हा दुबईचा थांबा घ्यायचाच. खानापूरवाल्यांना ते सोयीचं पडेल, तुम्हाला नाही.

एक सावधगिरी: अमेरिकेतच पहिला थांबा असलेलं तिकीट, म्हणजे न्यूयॉर्कला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्को, स्वस्त दिसलं तरी ज्येष्ठांसाठी नको. अमेरिकेत जिथं पहिल्यांदा उतरता तिथंच इमिग्रेशन आणि कस्टम होतं. बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, तपासणी झाल्यावर पुन्हा द्यायच्या, मग पुढचं विमान. कुणी सोबत नसेल तर यात गोंधळ होतो. थांबा अमेरिकेबाहेर आणि शेवटचं विमान थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारं, असंच तिकीट बघा. थांबा युरोपात असेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे पैसे भरायच्या आधी विचारा.

---

निपाणी_स्टँड

एकाच पीएनआरवर दुबईमार्गे बघतोय, आणि सांबरा-बेंगळूर जोडून मिळालं नाही तर आदल्या दिवशी वंदे भारत, असं ठरतंय. परतीचं शेवटचं विचारतो. सॅन फ्रान्सिस्कोहून २८ मार्चला रात्री साडेआठचं आहे, एकूण २२ तास ४० मिनिटं दाखवतंय. बेंगळूर-सांबराचं तिकीट २९ तारखेचं काढायचं ना? एक दिवस प्रवास, म्हणजे २९?

---

सांबरा_०८_२६

२९ चं काढू नका, ते विमान तुमची माणसं हवेत असतानाच निघून जाईल.

मार्चअखेर उन्हाळी वेळ लागलेली असते, म्हणून साडेबारा तास मिळवा. तिथले २८ मार्च रात्री ८:३० म्हणजे आपल्याकडे २९ मार्च सकाळी ९. त्यात २२ तास ४० मिनिटं मिळवली की ३० मार्च सकाळी ७:४० ला बेंगळूर. तिकिटावर वेळेशेजारी बारीक "+२" छापलेलं असेल, ते हेच.

इमिग्रेशन, बॅगा, टर्मिनल बदलणं धरून सांबऱ्याचं विमान ३० तारखेला दुपारी पाऊणच्या आधीचं घेऊ नका. दुपारी किंवा संध्याकाळी जे असेल ते. आणि निपाणीहून न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला तारीख सांगताना ३० मार्च, सोबत वार, आणि सांबऱ्याला उतरायची वेळ लिहूनच द्या.